सटवाजीने दिलेला शब्द

फार फार जुनी गोष्ट आहे. राजे आपल्या हत्तींना नावाने हाक मारत, त्या काळातली.

एका खेड्यात येसाक्का नावाची बागवाली राहायची. तिची आमराई मोठी होती. पण वय झालं, गुडघे धरले, आणि राजधानीच्या बाजाराला जाणं तिला जमेना. तेव्हा तिने गावातल्या सटवाजी गाडीवानाला बोलावलं.

"सटवाजी, यापुढे बाजारात माझ्या जागी तू. तू बोलशील ते मी बोलले. फक्त एक सांगते. माल राजधानीतल्या व्यापाऱ्यालाच द्यायचा. वाटेत कुणालाही नाही."

"बरं, अक्का," सटवाजी म्हणाला. त्याने आंब्यांच्या करंड्या गाडीत लावल्या आणि बैल जुंपले.

दोन दिवसांनी गाडी घाटाच्या पायथ्याशी पोचली, तर वाट बंद. राजाची लाडकी हत्तीण घाटातच व्यायली होती. पिल्लू चालायला लागेपर्यंत एकही गाडी वर जाऊ द्यायची नाही, असा राजाचा हुकूम होता. शिपाई मोठ्या कौतुकाने पिल्लाचे कान केवढे आहेत ते हात पसरून दाखवत होते.

"किती दिवस लागतील?" सटवाजीने विचारलं.

"आठ तरी लागतील. आताशी ते उभं राहायला शिकतंय."

सटवाजीने करंडीत हात घातला. आंबे पिकले होते. दोन दिवसांत ते उतरायला लागले असते. मागे जाऊन अक्कांना विचारून यायचं तर चार दिवस हवेत. तो रस्त्याकडेला बसून विचार करत राहिला.

तिथेच एक वऱ्हाड अडकलं होतं. दोनशे माणसं, सोबत आंदणाच्या गाई, आणि शिधा संपत आलेला. वरबाप आंब्यांच्या वासाने गाडीपाशी आला.

"सगळी गाडी मला दे," तो म्हणाला. "बदल्यात ही दुभती गाय घे. पण या मालाचा मालक कोण?"

"येसाक्का."

"साखऱ्या आंबा असलेली? मग आणखी एक अट. पुढच्या वर्षी त्या झाडाची फळं माझ्या घरी आली पाहिजेत."

साखऱ्याची फळं येसाक्काने कधीच विकली नव्हती. ती शेजारीपाजारी वाटायची. पण दुसरं गिऱ्हाईक नव्हतं आणि आंबे थांबणार नव्हते. शेवटी सटवाजी म्हणाला, "दिली. पण गाईबरोबर वासरूही हवं."

वरबापाने त्याला बाजूला घेतलं आणि एक रेशमी शेला पुढे केला. "हा तुझा. वासराचं सोडून दे."

"शेला द्या," सटवाजी म्हणाला, "पण तो अक्कांचा होईल. आणि वासरूही द्या."

वरबाप खो खो हसला आणि त्याने दोन्ही दिलं. त्या दिवशी वऱ्हाडाने मनसोक्त आंबे खाल्ले. नवरदेवाच्या मुंडावळ्यासुद्धा रसात भिजल्या.

सटवाजी परतला. येसाक्का गाय बघून हरखली. पण साखऱ्याचं ऐकताच तिचा चेहरा उतरला.

"तुला कुणी सांगितलं होतं ते झाड द्यायला?"

"कुणी नाही, अक्का. मी दिलं."

तिचा दीर तिथेच होता. तो म्हणाला, "वहिनी, गाय दारात बांधलीच आहे. झाडाबद्दल एवढंच म्हणा, की मी सांगितलं नव्हतं. ते काही खोटं नाही."

येसाक्काला ते पटू लागलं. तरी मन खात राहिलं. ती गावातल्या वृद्ध पंचांकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"येसू, सौदा मान्य नसेल तर तसं सांग. मग गाय-वासरू परत जाईल, आणि तुझं न ऐकल्याचा जाब सटवाजी देईल. मान्य असेल तर सगळाच मान्य कर. आंबा खायचा आपण आणि कोय दुसऱ्याच्या ताटात, असं करता येत नाही."

येसाक्का घरी आली. सटवाजी अजून अंगणात उभाच होता; दीर आणि शेजारीपाजारी गाय बघत थांबले होते. त्याने घडी केलेला शेला तिच्यापुढे ठेवला.

"हा राहिलाच होता, अक्का. तो मला एकट्याला देत होते. पण मी तिथे तुमच्या जागी उभा होतो. म्हणून हा तुमचा."

येसाक्काने शेल्यावरून हात फिरवला. हा शेला त्याने घरी नेला असता तर तिला कधी कळलंही नसतं.

"त्या पायथ्याशी मी असते तर काय केलं असतं?" ती स्वतःशीच म्हणाली. "झाडासाठी रडले असते आणि शेवटी हेच केलं असतं. वासरू मात्र मला मागायला सुचलं नसतं." ती हसली. "सटवाजी, तू दिलेला शब्द माझा. राजधानीच्या व्यापाऱ्यालाही मीच निरोप धाडते, की यंदा माल आला नाही. आणि इकडे ये. हा शेला आता माझ्याकडून तुला, सगळ्यांदेखत."

तिने स्वतः तो त्याच्या खांद्यावर घातला. दीर गाईला वैरण घालायला गेला.

पुढच्या वर्षी वरबाप नव्या सुनेला घेऊन आमराईत आला. येसाक्काने साखऱ्याची फळं मोजून नाही, ओंजळी भरभरून दिली. सून झाडाखाली बसून इतके आंबे खायला लागली, की शेवटी सासराच म्हणाला, "अगं, घरी न्यायला काही ठेव."

ही गोष्ट पंचक्रोशीत पसरली. मग लोक सटवाजीच्या गाडीपाशीच व्यवहार ठरवू लागले. "अक्कांना विचारून सांग," असं त्याला पुन्हा कुणी म्हटलं नाही. येसाक्काचा माल घाटाच्या दोन्ही बाजूंना जाऊ लागला, आणि ती गुडघ्यांना तेल चोळत ओसरीवर निवांत बसू लागली.

तात्पर्य: दुसऱ्याच्या जागी उभं राहणाऱ्याने हाती आलेलं सगळं मालकाचं मानावं, आणि मालकाने त्याच्या शब्दातलं गोड घेतलं तर आंबटही आपलंच म्हणावं.