लिंपलेली ढोली

एका जंगलात एक खार राहत असे, असे म्हणायला मला आवडले असते. पण मुलांनो, तिला राहायला धड जागाच नव्हती. वळवाच्या वादळात तिचे फांदीवरचे घरटे उडाले आणि त्याबरोबर तिची दोन पिल्लेही गेली. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. या खेपेला पक्के घर हवे, हा एकच ध्यास तिने घेतला. बेहड्याच्या झाडातली एक खोल, कोरडी ढोली तिच्या मनात भरली. ती होती एका माकडाची. खारीने आपल्या हक्काचे फणसाचे झाड माकडाला देऊन टाकले आणि ढोली घेतली.

सौदा झाल्यावर माकड पाठ खाजवत म्हणाले, "आत एक धनेशीण राहते, बरं का, भाड्यानं. पिल्लांना पंख फुटेपर्यंत राहा, असं मी तिला म्हटलं होतं. पण घर आता तुझं. तुझं तू बघ." आणि टुणकन उडी मारून ते फणसाकडे पसार झाले. शब्द द्यायला असे काय लागते!

धनेश पक्ष्यांची एक रीत आहे. अंडी घालायच्या वेळी मादी ढोलीत शिरते आणि दार आतून लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढी फट तेवढी ठेवते. आत तिची पिसे झडतात, तिला उडता येत नाही. नर फळे आणून तिला फटीतून भरवतो. हा नर दर खेपेला एक उंबर ढोलीच्या कडेवरही ठेवी. ते भाडे.

खार फटीपाशी गेली. "बाई, हे घर मी घेतलंय. जागा मोकळी कर."

"ताई, पिल्लं कालच अंड्यातून बाहेर आलीत," आतून धनेशीण म्हणाली. "महिनाभर थांब. आम्हाला शब्द मिळालाय."

"मी नाही दिलेला. ज्यानं दिला त्याच्याकडे जा."

"जाऊ कशी? पिसं कुठेत मला?"

खार चार दिवस थांबली. तिला वाईट वाटत होते, खोटे कशाला सांगू? पण पाचव्या दिवशी आभाळ गडगडले आणि तिला ते वादळ आठवले. दुपारी, नर दूर गेलेला असताना, तिने दाराचे लिंपण कुरतडून पाडले. धनेशीण घाबरून बाहेर आली, उडायला गेली आणि दगडासारखी खाली पडली. खाली कोल्हा होता.

आत दोन उघडीबोडकी पिल्ले चोची वासून ओरडत होती. आता कुठे खारीला कळले, आपण काय केले ते. तिने त्यांना शेपटीखाली घेतले, पण खारीची ऊब त्यांना पुरली नाही. संध्याकाळपर्यंत दोन्ही गार पडली.

दिवस मावळताना नर आला. मोडलेले दार पाहून तो आनंदाने म्हणाला, "पिसं आली का तिला? एवढ्यात?"

खारीने गार पडलेल्या पिल्लांवर शेपटी ओढून घेतली.

"परतली की हे तिला दे," असे म्हणून त्याने एक उंबर कडेवर ठेवले. मग दुसरे ठेवले. "आणि हे तुझं, भाड्याचं."

खारीची पिल्ले त्याच ढोलीत जन्मली आणि सुखरूप वाढली. नर रोज येई, दोन उंबरे ठेवी, आसपास हाका मारी आणि निघून जाई. पिल्लांनी कितीही हट्ट केला, तरी खारीने त्यांना त्या उंबरांना कधी तोंड लावू दिले नाही.

तात्पर्य : घर विकत घ्यावे, तेव्हा आत राहणाऱ्याला दिलेला शब्दही पाळायला घ्यावा.