लहानू आणि खिंडीपलीकडचं तळं

एका गावात एक भोळा हमाल होता. आपण भोळे आहोत, एवढी एकच गोष्ट त्याला कुणी सांगितलेली नव्हती. नाव लहानू. अंगानं मात्र दाराच्या चौकटीत मावायचा नाही. भातगिरणीत कामाला होता. तांदळाची दोन पोती एकदम पाठीवर घ्यायचा आणि वर विचारायचा, "तिसरं कुठाय?"

लहानूचा एक मोठा गुण होता. सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही. सगळी पंचाईत तिथंच होती.

त्याच गावात खरमाळे बाई राहत. शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून नुकत्याच निवृत्त झालेल्या. भूगोलात त्यांचा एक आवडता धडा होता, हिमालयातल्या थारचुंग खोऱ्याचा. बाई दर वर्षी फळ्यावर ते खोरं काढत. तपकिरी खडूनं डोंगर, पांढऱ्या खडूनं नदी, खोऱ्याच्या टोकाला खिंड आणि खिंडीपलीकडे, हिरव्या खडूनं, एक गोल तळं. "हे तळं खिंडीत उभं राहिल्याशिवाय दिसत नाही," बाई सांगत. सांगताना त्यांचा आवाज जरा खाली यायचा, कारण त्या स्वतः त्या खिंडीत कधी उभ्या राहिल्या नव्हत्या.

लहानू हा धडा तीन वेळा शिकला होता. म्हणजे नववीत तीन वर्षं होता. पहाटे गिरणीत काम करून यायचा, फळ्यावरचं चित्र बघायचा आणि शेवटच्या बाकावर झोपायचा. बाईंनी त्याला कधी उठवलं नाही. दमलेलं पोर आहे, झोपू दे, म्हणायच्या.

तर निवृत्त झाल्यावर बाईंनी ठरवलं, आता ते तळं डोळ्यांनी बघायचं. डॉक्टर म्हणाले, "गुडघा यंदाचं वर्ष साथ देईल. पुढच्या वर्षाचं मी सांगत नाही." बरोबर कोण येणार? भाऊ म्हणाला, मला दम लागतो. भाची म्हणाली, मला परीक्षा आहे. लहानू म्हणाला, "वझं कुठाय?"

तयारी सुरू झाली.

बाईंनी आधी लहानूला बूट घ्यायला पाठवलं. लहानू तालुक्याला गेला, बूट घेतले, डोक्यावर ठेवले आणि अनवाणी सात मैल चालत आला. पायाला फोड, बुटांना धुळीचा कण नाही.

"अरे, घातले का नाहीस?"

"नवे हायेत बाई. मळतील."

बाईंनी कपाळाला हात लावला. "लहानू, डोंगरात न्यायची नवी वस्तू आधी वापरून घ्यायची असते. आठ दिवस चिखलात तुडवायची, पाण्यात भिजवायची, मग ती अंगाला बसते."

"चुकलं बाई. पुढच्या बारीला ध्यानात ठेवतो."

त्यानं ध्यानात ठेवलं. चार दिवसांनी पोस्टानं खोऱ्याचा परवाना आला. त्या भागात सरकारी परवान्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. बाईंनी तो लहानूकडे दिला, "सामानात ठेव." लहानूनं बघितलं, कागद नवा कोरा. शिक्का ओला वाटावा इतका ताजा. हा असाच वर न्यायचा? त्यानं परवाना गिरणीमागच्या चिखलात घातला आणि रोज सकाळ-संध्याकाळ तुडवला. दुपारी हौदात भिजवला. आठव्या दिवशी बाईंपुढे ठेवला.

"हे काय आहे?"

"परवाना. आता मऊ झालाय. टोचणार न्हाई."

बाईंनी तो लगदा दोन बोटांनी उचलून कचऱ्यात टाकला. मग त्यांनी दुसरा अर्ज केला. दुसरा परवाना आला, पण पहिला पंधरा दिवसांचा होता, हा नऊच दिवसांचा. खोऱ्यात शिरल्यापासून मोजायचे; मोसमातल्या बाकी तारखा भरून गेल्या होत्या. चार दिवस जायला, चार यायला आणि एक दिवस हाताशी.

"लहानू, कागद असा सांभाळतात का? नवी वस्तू हातात आली की लगेच प्लास्टिकच्या पिशवीत घालायची. तोंड घट्ट बांधायचं. आत वारा जाता कामा नये. आणि निघेपर्यंत उघडायची नाही."

"चुकलं बाई. पुढच्या बारीला ध्यानात ठेवतो."

शेजारच्या सगुणाकाकूंनी वाटेसाठी चाळीस भाकऱ्या थापून दिल्या. तव्यावरची भाकरी लहानूच्या हातात आली की लगेच पिशवीत. वाफेसकट. चाळीस भाकऱ्या, चाळीस पिशव्या, चाळीस गाठी. आठवड्यानं बाईंनी एक पिशवी सोडली आणि दोन पावलं मागे सरकल्या.

"लहानू, भाकरीला केस आलेत!"

लहानूनं वाकून नीट पाहिलं. "बरंच की बाई. थंडीचं जायचंय."

सगुणाकाकू तिथंच होत्या. त्या पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या आणि ओट्यावर बसून पोट धरून हसल्या. बाईंना काही हसू आलं नाही.

"अरे बाबा, वाटेवरचं सामान असं ठेवतात का? पत्र्यावर पसरायचं, चार दिवस कडक ऊन द्यायचं. ओल उडून जाते, वजन निम्मं होतं. वर गेल्यावर पाणी घातलं की झालं, पुन्हा होतं तसं!"

"चुकलं बाई. पुढच्या बारीला ध्यानात ठेवतो."

पुन्हा भाकऱ्या झाल्या, त्या मात्र बाईंनी स्वतः वाळवल्या. राहिला कापूर. उंचावर हवा विरळ, धाप लागली की हुंगायला बरा, म्हणून बाईंनी पाव किलो कापूर आणवला. लहानूनं वाण्याकडून आणला आणि, कुणी न सांगता, गिरणीच्या पत्र्यावर परातीत पसरला. एप्रिलचं ऊन. चार दिवसांनी तो रिकामी परात घेऊन आला. चेहरा असा, जसा काही पहिला नंबर आलाय.

"बाई, भाकरीचं वजन निम्मं होतं म्हणालात ना? कापराचं सगळंच गेलं!"

"कापूर कुठाय?"

"ह्याच्यात." त्यानं परात पुढं केली. "वझं काहीच न्हाई आता. वर गेल्यावर पाणी घालू."

बाईंनी परात हुंगली. निदान वास तरी होता. मग त्यांचा तोल सुटला. "मूर्खा, निसटून जाणारी वस्तू मोकळी सोडतात का? दोरीनं करकचून आवळायची! वर धोंडा ठेवायचा! आणि मी सांगेपर्यंत सोडायची नाही!"

"चुकलं बाई. पुढच्या बारीला ध्यानात ठेवतो."

आणि निघाले. गाड्या बदलत, घाट चढत, पाचव्या दिवशी खोऱ्याच्या तोंडाशी पोचले. तिथं नोरफेल नावाचा वाटाड्या भेटला. सुरकुतलेला, हसरा, मोडकंतोडकं हिंदी बोलणारा. सामानाला त्याचं एक खेचर होतं. बाईंनी नदी पाहिली, डोंगर पाहिले आणि लहान पोरीसारख्या ओरडल्या, "लहानू! नदी खरंच डावीकडून येते रे! मी बरोबर काढत होते!" उत्साहानं त्यांना त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या रात्रीही नाही.

दुसऱ्या मुक्कामाला नोरफेल लहानूला म्हणाला, "खच्चर बदमाश है. निकल जाता है. ध्यान रखना."

निसटून जाणारी वस्तू! लहानू मनात हसला. हे त्याला येत होतं. त्यानं खेचराचे चारी पाय एकत्र आवळले, पोटाभोवती सहा वेढे दिले, गिरणीतल्या पोत्याच्या गाठी मारल्या आणि पाठीवर एक धोंडा ठेवला. मध्यम आकाराचा. दया म्हणून.

तिथली नदी सकाळी लवकर ओलांडावी लागते. ऊन चढलं, वरचं बर्फ वितळलं, की पाणी छातीला लागतं. नोरफेल सकाळी आला तर खेचर जमिनीवर बसलेलं आणि लहानू शेजारी पहारा देत उभा.

"खोल!" नोरफेल ओरडला.

"बाई सांगतील तेव्हा."

"पानी बढ़ेगा! खोल दे भाई!"

"बाईंनी सांगितलंय, बाई सांगेपर्यंत सोडायचं न्हाई."

बाई सकाळचं ऊन बघायला समोरच्या टेकाडावर जाऊन बसल्या होत्या. त्या येईपर्यंत आणि आल्यावर त्या गाठी सुटेपर्यंत नदी तांबडी होऊन धडधडत होती. हाताशी असलेला एक दिवस तिथं गेला. खेचर उठलं ते लंगडत उठलं. त्यानं लहानूकडे एकदा पाहिलं आणि नंतर सगळ्या वाटेत पुन्हा पाहिलं नाही.

बाईंनी बोटांवर मोजलं. आता एकही दिवस चुकून चालणार नव्हतं. "लहानू," त्या हात जोडून म्हणाल्या, "यापुढे तू माझं काही ध्यानात ठेवू नकोस. नोरफेल सांगेल तेवढंच ऐक."

"बरं बाई."

तिसऱ्या मुक्कामाला नोरफेलनं दोघांना मुद्दाम वरच्या उतारावर चढवलं. उंचीची सवय व्हायला. लहानू वर पोचला, गार वारा लागला, तो एका खडकाला टेकला आणि घोरायला लागला. नोरफेलनं त्याला कान धरून उठवलं.

"ऊपर सोना नहीं! कभी नहीं! ऊंचा चढ़ो, नीचे आके सोओ. कोई ऊपर सो गया, तो सीधा नीचे लाओ. समझा?"

लहानूनं शब्दन् शब्द घोकला. उंच चढायचं. झोपायला खाली यायचं. वर कुणी झोपलं, तर सरळ खाली आणायचं.

खोऱ्यातल्या पाचव्या दिवशी सकाळीच ते खिंडीखाली पोचले. खिंड समोर दिसत होती, दगडांच्या घसरड्या उतारावर, तासा-दीड तासाच्या चढावर. लंगडं खेचर तिथं चढणार नव्हतं आणि त्याला एकटं सोडून नोरफेललाही येता येणार नव्हतं. त्यानं वाट दाखवली. "सीधा ऊपर. दोपहर से पहले वापस. फिर बादल आएगा." दुसऱ्या दिवशी उजाडताच परत फिरायचं होतं. म्हणजे तळं बघायचं तर आज, नाहीतर मग डॉक्टरांनी सांगितलंच होतं.

बाई काठी टेकत निघाल्या. शंभर पावलं गेल्या. दोनशे गेल्या. मग गुडघ्यानं साथ सोडली आणि त्या मटकन दगडावर बसल्या. डोळ्यांत पाणी आलं.

"इतक्या जवळ येऊन राहिलं रे, लहानू."

लहानूनं पाठ वळवली आणि खाली बसला. "बसा बाई."

"अरे, मी काय तांदळाचं पोतं आहे?"

"पोतं न्हाई हो. पाऊण पोतं."

बाई त्याच्या पाठीवर बसल्या. लहानू उठला आणि चालू लागला. गिरणीच्या फळीवरून पोती चढवताना चालतो तसा. एक पाऊल, एक श्वास. एक पाऊल, एक श्वास. ना धक्का, ना हिसका. गाडीत धड झोप नव्हती, वर आल्यावर चार रात्री डोळ्याला डोळा नव्हता आणि आता ही पाठ. कोवळं ऊन, हलकासा झोका. बाईंनी मान लहानूच्या खांद्यावर टेकली. जरा वेळच, असं त्या मनाशी म्हणाल्या असणार.

बऱ्याच वेळानं त्यांना जाग आली. डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "लहानू, आली का रे खिंड?"

"आली की बाई," लहानू म्हणाला. "आली आणि गेलीपण."

बाईंनी डोळे उघडले. समोर तंबू होता. तंबूपुढे नोरफेल चहा उकळत होता. खेचरानं तोंड फिरवलेलं होतं. बाईंनी मागे वळून पाहिलं. खिंड ढगात बुडाली होती.

"म्हणजे तू वर गेला होतास?"

"पार खिंडीत. तुम्हीपण आला होता की. मी म्हटलं, बाई, आलो. तर तुम्ही झोपलेल्या. मग सरळ खाली आणलं. वर झोपायचं नसतं बाई."

नोरफेलनं सगळं ऐकून घेतलं आणि लहानूच्या पाठीवर थाप मारली. "शाबास! बहुत सही किया!" कारण आयुष्यात पहिल्यांदा लहानूनं धडा जिथं लावायचा तिथंच लावला होता.

बाईंनी नोरफेलकडे पाहिलं तशी त्यानं थाप मारलेला हात मागे घेतला आणि चहात लक्ष घातलं.

"मेल्या, तीस वर्षं..." बाईंनी काठी उगारली. "तीस वर्षं वाट पाहिली मी! मला उठवलं का नाहीस?"

लहानूला हा प्रश्नच कळला नाही. "नववीत तीन वर्षं मी शेवटच्या बाकावर झोपायचो बाई. तुम्ही मला एकदा तरी उठवलंत का?"

बाईंनी उचललेली काठी तशीच हवेत राहिली. मग हळूहळू खाली आली. नोरफेलनं चहाचा पेला त्यांच्या हातात दिला. बाईंनी एक घोट घेतला, दुसरा घेतला आणि ढगाकडे बघत विचारलं,

"तळं दिसलं?"

"दिसलं की. खिंडीपलीकडं. गोल. तुम्ही काढायचात त्याच जागी."

"खरंच? त्याच जागी?"

"अगदी. पण बाई..." लहानू जरा घुटमळला. एवढ्या मोठ्या बाई, त्यांना कसं सांगायचं? पण खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"बोल ना."

"तुम्ही हिरव्या खडूनं काढायचात. ते निळं हाये." त्यानं बाईंच्या खांद्यावर हलकेच हात ठेवला. "चुकलंय तुमचं. पुढच्या बारीला ध्यानात ठेवा."