विरोध कुणाचा?

मासळी वाळत घालताना शेवंतावहिनी जावेला सांगत होती, "अगो, धाकोजी बेटावर एकटा नव्हताच मुळी. भरतीला होडीतून एक बाई त्याच्याकडे..." तेवढ्यात मी दिसले आणि वहिनी गप्प झाली. आता अर्धंच ऐकून मी घरी जाणार होय? पण आधी मूळ गोष्ट ऐका.

आपल्या उंडीबेटावर विजेचे खांब यायच्या कितीतरी आधी इथे धाकोजी सारंग नावाचा सरपंच होता. बायको नाही, पोर नाही. ग्रामसभा हेच त्याचं घरदार. आणि प्रत्येक सभेत त्याला आडवी जायची ती भागी. धाकोजी विचारायचा, "विरोध कुणाचा?" की ही पदर खोचून उठलीच. "माझा! विहिरीचा गाळ निघाला नाही अजून, आणि चालले देवळाला रंग द्यायला!"

मग एका वर्षी विहीर खारट झाली. घागरी उपड्या पडल्या. एकेक घर होडीत बसून खाडीपलीकडे निघालं. निघताना जो तो धाकोजीला म्हणाला, "येतो हां नाना." आपल्यात जातो असं कुणी म्हणतं का? पण धाकोजीनं ते शब्दाला शब्द खरं धरलं. येतो म्हणालेत, म्हणजे येणार. आल्यावर गाव जागेवर नको? भागी तेवढी म्हणाली, "तू सरपंच आहेस तोवर या बेटावर पाऊल ठेवायची नाही मी."

बेटावर धाकोजी एकटा उरला. तरी थाळी बडवून सगळी वाडी फिरायचा, बंद दारांपुढे सभेची हाक द्यायचा. सभेला खडकावर खेकडे ओळीनं येऊन बसायचे, असं म्हणतात. धाकोजी विषय मांडायचा, विचारायचा, "विरोध कुणाचा?" आणि थांबायचा. वारा सुटलेला असायचा, बाकी काही नाही. मग तोच भागीच्या आवाजात दोन शिव्या स्वतःला द्यायचा आणि हसायचा. प्यायला पाणी कुठलं? तर भरती ओसरली की खडकावर गोड्या पाण्याची घागर दिसायची. दर्यानंच ती ठेवली, असं म्हणतात.

शेवटी लाँचमधून सरकारी साहेब आला. म्हणाला, "माणसं नाहीत तर गाव कसलं? नाव काढून टाकतो, बेट पलीकडच्या गावाला जोडतो."

"सभेला विचारू दे," धाकोजी म्हणाला. त्यानं थाळी बडवली, विषय मांडला. "विरोध कुणाचा?"

साहेब हसला. "तुमचा धरत नाहीत हो, तुम्ही सभा चालवताय. दुसरं माणूस दाखवा."

धाकोजी मान खाली घालून उभा राहिला. खेकडेसुद्धा हलेनात.

आणि उंडीच्या झाडांतून आवाज आला, "माझा!"

साहेब धावत गेला. झाडांमागे कुणी नाही, नुसती ओली पावलं. तो लाँचमध्ये चढला तो परत आला नाही. गावाचं नाव राहिलं. पुढे पाऊसकाळ चांगले झाले, विहीर गोडावली, घरं परतली. पण तोवर धाकोजी नव्हता. ओहोटीला हाका मारत चालत गेला तो दर्यातच मिसळला, असं म्हणतात.

ही झाली मूळ गोष्ट. आता त्या अर्ध्या बोलण्यासाठी मी शेवंतावहिनीला चहाला बोलावलं. भागी तिची आजी. वहिनी दुसऱ्या कपाला बोलली. होय, बाई यायची. आजीच ती. घागर ठेवायची आणि उंडीआड बसून सभा ऐकायची. पण पाऊल ठेवणार नाही म्हणाली होती ना, मग समोर कशी येणार! धाकोजीला ती एकदाही दिसली नाही. दर्यानं भागीचा आवाज काढला, असंच तो शेवटपर्यंत समजला. तेव्हा बाई यायची हे खरं. तो एकटा नव्हता, हे खोटं.

अजूनही आपली सभा संपताना सरपंच दर्याकडे तोंड करून विचारतो, "विरोध कुणाचा?" विषय काही नसतो. मागून कुणीतरी बाई ओरडते, "माझा!" आणि कोण ओरडलं ते वळून बघायचं नसतं. मीसुद्धा बघत नाही.