गालाला गार लागतं तोवर

सन दोन हजार एकोणीस. माघाचा शुद्ध पक्ष. हरभऱ्याच्या घाट्यांत दाणा भरला होता आणि दुपारचं ऊन अजून सोसत होतं.

“चालू करून बघू का?”

“नको.”

“एकदाच. जिवंत आहे का, एवढं तरी कळेल.”

“कळून काय करशील?”

विचारणारा रेवण. उत्तर देणारे सटवाजीबुवा, मांजरा नदीच्या काठावरचे कुंभार. रेवण लहानपणी चार वर्षं त्यांच्या हाताखाली चाक शिकला आणि मग शहरात गेला. तिथल्या कलाशाळेत तो आता मुलांना मातीकाम शिकवतो. मुलांना दाखवायला बुवांच्या हातांचे फोटो हवे होते, म्हणून आला होता. फोटो काढले, फोन शर्टाच्या वरच्या खिशात टाकला, माती बघायला वाकला आणि फोन चाकाजवळच्या कुंडीत गेला.

कुंडीतलं पाणी म्हणजे अर्धा चिखल.

मी बुवांच्या शेजारचा कुंभार, तिथंच माती तुडवत होतो. पाहिलं ते लिहितो.

फोन जुना होता. मागचं झाकण नखानं निघायचं. बुवांनी ते काढायला लावलं. बॅटरी काढायला लावली, सिमकार्ड काढायला लावलं. सगळं धुतलेल्या धोतराच्या फडक्यानं टिपलं. रेवण भोकात फुंकर घालायला लागला.

“फुंकू नको. पाणी आत सरकेल.”

“बुवा, तुम्ही कधी फोन वापरलाय?”

“नाही.”

“मग?”

“पाणी वापरलंय.”

काकू, म्हणजे बुवांची बायको, दारात आली. “तांदळात ठेवतात म्हणे. माझ्या भाचीनं ठेवला होता.”

“मग?” रेवणनं विचारलं.

“भात बरा झाला. फोनचं काही खरं नाही.”

रेवण हसला नाही. त्याला एकदम सुचलं. आदल्या दिवशी मडकी भाजायचा आवा उघडला होता. राख अजून उबदार होती.

“राखेवर ठेवतो. तासाभरात सुकेल.”

बुवा त्याच्याकडं बघत राहिले.

“ओलं मडकं ठेवशील?”

“…नाही.”

“का?”

“तडकेल.”

“कुंभाराचा पोरगा आहेस,” बुवा म्हणाले. “शिकून विसरलास.”

पडवीत कच्ची मडकी सावलीला मांडली होती. वारा आरपार जायचा. बुवांनी एका फळीवर फडकं अंथरलं आणि मडक्यांच्या रांगेत फोन उघडाच ठेवला. बॅटरी मात्र स्वतःच्या टोपीत घातली आणि टोपी डोक्यावर चढवली.

“किती वेळ?” रेवणनं विचारलं.

“सुकेपर्यंत.”

“मला उद्या कॉलेज आहे.”

“जा की. फोन राहू दे.”

तो गेला नाही. काकूंनी अंथरूण टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुवांनी फोन उचलून गालाला लावला. डोळे मिटले.

“बुवा, तो बंद आहे,” रेवण म्हणाला.

“गार आहे,” बुवा म्हणाले आणि फोन परत ठेवला. मग शेजारचं मडकं उचललं, तेही गालाला लावलं आणि तेही परत ठेवलं.

आमच्यात असंच बघतात. मडकं वरून कोरडं दिसतं, हाताला कोरडं लागतं. पण आत ओल असेल तर गालाला गार लागतं. गार लागलेलं आव्यात घालायचं नाही. रेवणला हे बुवांनीच शिकवलं होतं. तो मान खाली घालून उभा राहिला.

दुपारी त्यानं पुन्हा विषय काढला.

“बॅटरी द्या. वरून तर सुकलाय.”

“असं काय आहे त्यात?”

रेवणनं फळीवरचा फोन हातात घेतला. काकू भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

“आईचे निरोप आहेत,” तो म्हणाला. “तिला लिहिता येत नव्हतं. बोलून पाठवायची. दुसरीकडं कुठं ठेवलेले नाहीत. ह्यातच आहेत.”

“चांगलं आहे. ऐकतोस मधूनमधून?”

“ऐकलेले नाहीत.”

“एकही?”

“शेवटच्या महिन्यातला एकही नाही. आमचं बोलणं बंद होतं. बहिणीच्या लग्नात ती मला चार माणसांत बोलली… चिखल सोडला आणि आता चिखलच शिकवतोस, म्हणाली. मी फोन उचलणं सोडलं. कार्तिकात ती गेली.”

“म्हणजे तीन महिने झाले.”

“हो.”

“फोन तेव्हा सुका होता?”

“…होता.”

“बॅटरी माझ्या टोपीत होती?”

“बुवा, माझं चुकलं.”

“ते नाही विचारलं मी.”

रेवण उठून नदीकडं गेला. बऱ्याच वेळानं आला. बुवांनी त्याला पडवीतली मडकी फिरवायला सांगितली. एकाच अंगानं वारं लागलं तर मडकं वाकडं सुकतं, म्हणून फिरवावी लागतात. त्यानं सगळी फिरवली. शेवटी फोनही उलटा करून ठेवला.

तिसरा दिवस असाच गेला. बुवांनी फोन दोनदा गालाला लावला. दोन्ही वेळा परत फळीवर ठेवला. रेवणनं विचारलंही नाही. कॉलेजला त्यानं माझ्या नातवाच्या फोनवरून कळवलं, आजारी आहे म्हणून.

“खोटं का बोललास?” काकूंनी विचारलं.

“खरं सांगितलं असतं तर हसले असते.”

“मग हसू द्यायचं.”

चौथ्या दिवशी, ऊन पडवीच्या पायरीवर आलं तेव्हा, बुवांनी फोन उचलला. ह्या वेळी स्वतःच्या नाही, रेवणच्या गालाला लावला.

“सांग.”

रेवणनं डोळे मिटले.

“गार नाही,” तो म्हणाला.

बुवांनी टोपी काढली आणि बॅटरी त्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती बसवली, झाकण लावलं. बोट बटणावर नेलं आणि तो थांबला.

“चालू नाही झाला तर?”

“तर नाही झाला.”

त्यानं बटण दाबलं. काहीच झालं नाही. मग काचेवर उजेड आला.

काकूंनी पदर तोंडाला लावला. मी पाय धुऊन पडवीत आलो.

अकरा निरोप होते. रेवणनं पहिल्यावर बोट ठेवलं. म्हातारीचा आवाज आला, मागं कुठं तरी शेळी ओरडत होती.

“रेवणा, इकडं गारठा पडायला लागलाय. तिकडं आहे का रे? तुझी वाकळ धुऊन उन्हात घातलीय. येऊन नेतोस का कुणाबरोबर पाठवू, ते सांग.”

एवढंच. लग्नातलं काही नव्हतं.

रेवण खाली बसला. फोन दोन्ही हातांत धरून होता.

“बुवा, आता काय करू?”

“तिनं काय विचारलंय?”

“गारठा आहे का… आणि वाकळेचं.”

“मग सांग तिला.”

“ती नाही आता, बुवा.”

बुवांनी चाकाशी बसून मातीचा गोळा ठेवला, पण चाक फिरवलं नाही.

रेवणनं फोन तोंडाजवळ नेला. त्यानं घसा साफ केला.

“आहे, आई. इकडंही गारठा आहे. वाकळ… मी येऊन नेतो. पाठवू नको.”

मग रेवण उठला. फोन खिशात घातला, डोळे पुसले आणि बुवांच्या पाया पडायला वाकला.

बुवांनी पाय मागं घेतले.

“बस खाली. दहा राहिलेत.”