निंबाजीची रिकामी कणगी

एका गावात निंबाजी नावाचा माणूस साऱ्या गावाची ज्वारी सांभाळत असे. सुगी झाली की घरोघरची पोती त्याच्याकडे येत आणि लागतील तसे दाणे लोक परत नेत. बरीचशी ज्वारी जमिनीखालच्या पाच पेवांत साठवलेली असे. पण पेव म्हणजे काही डबा नव्हे, की झाकण काढलं आणि हात घातला! आत कोंडलेल्या वाफेने माणूस मरतो. पेव दिवसभर उघडं ठेवायचं, मग आत दिवा सोडायचा, आणि तो तेवत राहिला तरच उतरायचं. म्हणून रोजच्या मागणीसाठी ओसरीवर एक मोठी कणगी भरलेली असायची.

एका वर्षी बाजारात भाव कडाडला आणि निंबाजीला मोह पडला. धाकटा भाऊ केरबा म्हणाला, "दादा, कणगीला हात लावू नकोस."

"अरे, सगळ्यांचं देऊन उरेल एवढं पेवांत आहे. ही नुसती जागा अडवून बसलीय." निंबाजीने कणगीतला दाणा न् दाणा विकून टाकला.

दोनच दिवसांनी सकाळी चंद्राक्का पोतं घेऊन आली. "उद्या ये," निंबाजी म्हणाला आणि घाईघाईने पेवाचं झाकण काढायला गेला. पण चंद्राक्काने रिकामी कणगी पाहिली होती. दुपारपर्यंत सारा गाव पोती घेऊन दारात उभा राहिला.

"दाणे आहेत हो! फक्त उद्यापर्यंत थांबा," निंबाजी गयावया करू लागला. त्याने पेवात दिवा सोडून दाखवला. तो चटकन विझला.

"नाटकं करतो! मग कणगीतले दाणे कुठं गेले?" बाबू तेल्याने विचारलं.

निंबाजीला खरं सांगायची लाज वाटली. "उद्या देतो म्हटलं ना," एवढंच तो पुन्हा म्हणाला. लोकांना तेवढं पुरेसं होतं. ते घराची कवाडं धक्के मारून तोडू लागले.

केरबाने कमरेला दोर बांधला. "पेवातून चार पसे दाणे वर आणतो, म्हणजे यांची तोंडं बंद होतील."

निंबाजीने त्याचा दंड धरला. मग सोडला. त्या घडीला त्याला भावापेक्षा अब्रू मोठी वाटली, दुसरं काय!

केरबा पेवात उतरला. थोड्या वेळाने दोर ढिला पडला. ओढून वर काढलं तेव्हा केरबात प्राण नव्हता. त्याची मूठ घट्ट मिटलेली होती. निंबाजीने रडत रडत ती उघडली, तर आतून टपोरी ज्वारी घरंगळली.

लोकांनी ती पाहिली आणि पोती तिथेच टाकून ते घरी गेले.

तात्पर्य: दुसऱ्याची ठेव सांभाळणाऱ्याने मागेल त्याला लगेच देता येईल एवढं सदैव हाताशी राखावं, वेळेला हाती न येणारा साठा कितीही मोठा असला तरी विश्वास वाचवत नाही आणि माणूसही नाही.