उजवी बाही

माझी शाळा लवकर सुटली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्याव्यात. शब्दही माझ्यापाशी साधेच आहेत. गोष्ट लडाखातल्या माणसांची आहे, आणि ती माणसं तर याहूनही कमी बोलतात.

"मग सांगा ना, मेमे. कोण जिंकेल?"

चोसडुपने पुन्हा विचारलं.

मेमे म्हणजे आजोबा. चुमिक गावातल्या त्या म्हाताऱ्या लामाला लहानथोर सगळे मेमेच म्हणत. थंडीत गावचं तळं गोठलं की रोज दिवस मावळताना त्यावर पाणी शिंपून बर्फ गुळगुळीत करायचा, आणि सकाळी पोरांच्या पायात स्केट बांधून त्यांना पडायला आणि उठायला शिकवायचं, हे काम मेमेंनी उभा जन्म केलं. त्यांच्या हाताखालची पोरं आता आइस हॉकीच्या दोन लीगमध्ये पगारावर खेळत होती.

एकीचं नाव शिखर लीग, दुसरीचं नदी लीग. गावात नुसतं वरची आणि खालची म्हणत.

दोघी एकमेकींशी कधी खेळल्या नव्हत्या. भांडत मात्र रोज होत्या.

उद्या पहिल्यांदा समोरासमोर गाठ पडायची होती. यांच्या मैदानावर ते यायला तयार नाहीत, त्यांच्या मैदानावर हे. शेवटी चुमिकचं तळं ठरलं. तिथे मेमे ज्या बाजूच्या बाकावर बसतील, ती लीग मोठी असं सगळं खोरं धरून चालणार होतं.

म्हणून चोसडुप आला होता. तो वरच्या लीगचा हुकमी एक्का. काखेत लाल रंगाचं नवंकोरं जाकीट, त्यावर पांढरं शिखर शिवलेलं.

मेमेंनी चहाचा पेला डाव्या हाताने पुढे सरकवला.

"तुला काय वाटतं?"

"वाटायचं काय त्यात? साधा हिशेब आहे. आमच्यातला माणूस खालच्या लीगमध्ये गेला की तिथे दुप्पट गोल करतो. त्यांच्यातला आमच्याकडे आला की बाकावर बसून नखं खातो."

"तुमच्यातला कोण गेला?"

चोसडुपने चहाचा घोट घेतला.

"मुरुप."

"त्याने किती केले?"

"...दुप्पट."

"म्हणजे मुरुप सुधारला."

"मुरुप नाही सुधारला, मेमे. लीग पडेल आहे."

"आणि तुमच्याकडे असताना तो बाकावर बसायचा?"

"नाही. माझ्याबरोबर खेळायचा."

"अच्छा."

चोसडुपला गप्प राहवेना.

"त्यांचं मैदान रुंद, आमचं चिंचोळं. आमच्यात अंगाला अंग भिडवतात, त्यांच्यात नुसता धक्का लागला तरी शिट्टी वाजते. पोरींसारखे खेळतात."

"पोरी चांगल्या खेळतात. उद्या शिट्टी वाजणार का?"

"अर्धा वेळ त्यांचे नियम, अर्धा वेळ आमचे."

"एकदा याक आणि गाढवाची शर्यत लागली होती," मेमे म्हणाले. "याक म्हणाला, चढावर पळू. गाढव म्हणालं, उतारावर."

"मग?"

"अजून ठरतंय."

चोसडुप हसला. हसता हसता त्याची नजर दाराशेजारच्या खुंटीवर गेली आणि हसू विरलं.

खुंटीवर निळं जाकीट होतं. त्यावर नदीची पांढरी रेघ.

"मुरुप येऊन गेला वाटतं."

"सकाळी आला होता."

चोसडुप उठला. जाकीट हातात घेऊन त्याने उलटसुलट पाहिलं. उजव्या बाहीची शिवण खांद्यापासून मनगटापर्यंत उसवलेली होती आणि कडेने नाड्या लावल्या होत्या.

"बघा," तो म्हणाला. "गुरूला द्यायचं तर फाटकं. ही त्यांची लीग."

"त्याच्या आईने उसवलं ते."

"तिच्या घरात धड जाकीट नव्हतं?"

मेमेंनी डाव्या हाताने चुलीत काटकी सारली.

चोसडुपने निळं जाकीट खुंटीवर परत टांगलं, जरा जोरातच. मग लाल जाकिटाची घडी मोडली आणि ते दोन्ही हातांनी मेमेंसमोर धरलं.

"हे घाला, मेमे. उद्या आमच्या बाकावर बसा. स्केट बांधायला तुम्ही शिकवलंत मला. खेळ कुणाचा खरा, हे तुम्ही नाही सांगणार तर कोण सांगेल? तुम्ही बसलात की माझं सार्थक झालं."

हे मात्र तो मनापासून बोलला. त्याचा आवाज लहानपणीसारखा झाला होता.

मेमे उठले आणि पाठमोरे उभे राहिले. "घाल."

चोसडुपने डावी बाही चढवली. मग उजवी धरली.

हात येईना.

"वर घ्या जरा, मेमे."

हात कंबरेपर्यंत आला आणि तिथेच राहिला.

"आणखी थोडा..."

मेमेंनी दात आवळले. चोसडुपने नकळत कोपर धरून वर उचलायला पाहिलं, तशी मेमेंच्या तोंडून बारीक आवाज निघाला. त्याने झटकन कोपर सोडलं.

उजवी बाही रिकामीच लोंबत राहिली.

चोसडुपने तिच्याकडे पाहिलं. मग खुंटीवरच्या उसवलेल्या बाहीकडे पाहिलं.

"हे काय झालं?"

"सगळे म्हणतात, दोन्ही लीगची कधी गाठ पडली नाही."

"नाहीच पडली."

"पडली होती. जर्दाळूची पानं झडली तेव्हा."

"कुठे?"

"मुरुपच्या दारात. त्याचा बाप गेला त्या दिवशी."

चोसडुप हळूच खाली बसला.

चुमिकमध्ये घरांचे गट असतात. गटाला फास्पुन म्हणतात. जन्म, लग्न, मरण, सगळं फास्पुनने निभवायचं. मेलेल्या माणसाला फास्पुनमधल्या माणसांनीच हात लावायचा. प्रेत लाकडी पालखीत बसवतात, चौघं खांदा देतात आणि चढ चढून गावाच्या माथ्यावर नेतात. लामाने पूजा करायची. खांदा देणं त्याचं काम नाही.

मुरुपचं आणि चोसडुपचं घर एकाच फास्पुनमधलं. पणजोबांच्या वेळेपासून.

"माझ्यापर्यंत निरोप..." चोसडुप बोलायला लागला आणि थांबला.

"निरोप सगळ्यांना गेला होता."

"आमचं शिबिर चालू होतं."

"माहीत आहे."

"मुरुप नुकताच आम्हाला सोडून त्यांच्यात गेला होता. माणसं चिडली होती, मेमे. मॅनेजर म्हणाले..."

"मॅनेजर फास्पुनमधला आहे?"

चोसडुपने मान खाली घातली.

मॅनेजरने काही म्हटलंच नव्हतं. शिबिरात निरोप आला तेव्हा सगळे चोसडुपच्या तोंडाकडे बघत होते. फास्पुनची बाकीची पोरंही तिथेच होती. एक जण बूट घालायलाही लागला होता. तेव्हा चोसडुपच म्हणाला होता, त्या फितुराचा उंबरा जो ओलांडेल तो आपला नाही.

पोराने बूट काढून ठेवले होते.

"खांद्याला किती जण होते?" त्याने विचारलं.

"मुरुप. त्याचा चुलता. आणि धाकटा चुलतभाऊ."

"तीनच?"

"त्या तिघांनी उचलायला पाहिलं. पालखी एका अंगाला कलली. आत मुरुपचा बाप बसलेला. त्याचं डोकं कडेला आपटलं."

चुलीत काटकी मोडल्याचा आवाज झाला.

"मुरुपची आई दारात उभी होती. म्हणाली, थांबा, कुणीतरी येईल. आम्ही थांबलो. ऊन सरकलं. ती पुन्हा म्हणाली, थांबा."

"मग?"

"मग मी पोथी खाली ठेवली."

चोसडुपने मान वर केली.

"चढावर पाणी गोठलं होतं. माझा पाय सरकला. पालखी पडू दिली नाही. भार खांद्यावर आला, आणि खांद्यात काहीतरी तुटलं."

"कोणत्या बाजूला होतात तुम्ही?" चोसडुपने विचारलं.

"पुढे, उजवीकडे. जागा रिकामी होती."

प्रत्येक घराची पालखीखालची जागा ठरलेली असते. पुढची उजवी बाजू चोसडुपच्या घराची. बापाचे गुडघे गेल्यापासून ती त्याची होती. लहानपणी आजोबांनी त्याला ती दाखवली होती, शेताचा बांध दाखवावा तशी.

मेमे डाव्या हाताने लाल जाकीट काढू लागले. निघेना. चोसडुप उठून मदत करू लागला.

"आणि हा मुरुप..." तो एकदम कडवटपणे म्हणाला. "हा सगळं बघून होता. तरीही जाकीट घेऊन आला तुमच्याकडे?"

"आला."

"आमच्या बाकावर बसा म्हणाला?"

"तुझ्यासारखंच. शब्दही तेच होते. खांदा तुटलेला त्याला ठाऊक होता, म्हणून बाही उसवून आणली. तुला ठाऊक नव्हतं, तू धड आणलीस."

मेमे चुलीपाशी बसले. चोसडुप लाल जाकीट पोटाशी धरून उभा राहिला.

"तुम्ही कुणाकडे बसणार उद्या?"

"दगडावर. मध्ये आहे तो."

"आणि... कोण जिंकेल?"

विचारून झाल्यावर त्याची त्यालाच लाज वाटली. पण शब्द निघून गेले होते.

मेमेंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. किती तरी दिवसांनी पाहावं तसं.

"आज पाणी शिंपायचं राहिलंय," ते म्हणाले. "या हाताने डबा पेलत नाही. यंदा बर्फ खडबडीत आहे. दोघांनाही तितकाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी चोसडुप मैदानावर गेला नाही. आधी मुरुपच्या घरी गेला.

मुरुपची आई अंगणात गोवऱ्या उन्हाला लावत होती. तिने त्याला येताना पाहिलं, पण हात थांबवला नाही.

"जुले, आमा," चोसडुपने रामराम केला.

"मुरुप तळ्यावर गेला. तूही जा. इथे कुणी पाहिलं तर तुलाच फितूर म्हणतील."

म्हणजे ते वाक्य इथवर पोचलं होतं.

चोसडुप उंबऱ्याबाहेर उभा राहिला. "आमा, मी आत येऊ?"

तिने हातातली गोवरी भिंतीला टेकवली आणि हात झग्याला पुसले.

"कशाला? आता आत उचलण्यासारखं काही नाही, नोनो."

लहान भावाला म्हणतात तसं तिने नोनो म्हटलं. लहानपणी म्हणायची तसंच. ते त्याला जास्त लागलं.

उंबरा न ओलांडता तो मागे फिरला. मग तळ्यावर आला.

काठावर ही गर्दी. एकीकडे लाल, एकीकडे निळं. ढोल वाजत होते. वरच्या लीगची पोरं त्याला हाका मारत होती, अरे स्केट बांध, कुठे उलथला होतास. पलीकडे मुरुप उकिडवा बसून नाड्या आवळत होता. त्याने मान वर केली, चोसडुपला पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

मध्ये दगडावर मेमे. अंगात त्यांचा जुना तांबडा झगा. उजवा हात मांडीवर, तिथे कुणीतरी ठेवून गेल्यासारखा.

चोसडुप त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"मेमे... मला उशीर झाला."

मेमेंनी मान वळवून मैदानाकडे पाहिलं.

"खेळ सुरू व्हायचाय अजून."

"खेळाला नाही."

ढोल वाजत होते. कुणीतरी चोसडुपच्या नावाने शीळ घातली. मेमेंनी त्या खडबडीत बर्फावरून नजर काढून त्याच्याकडे पाहिलं.

मग म्हणाले, "तर मग उशीर झाला खरा."