डाव्या सीटवरचा माणूस

एकदा एका मध्यम आकाराच्या शहरात गाड्यांच्या किल्ल्या करणारे एक वृद्ध मिस्त्री राहत असत, आणि त्यांच्याकडे एक शिष्या हे काम शिकत होती. शिष्येचे नाव तनुजा. वय तीस, तंत्रनिकेतनाची पदविका गाठीशी, बोटे चपळ आणि धीर थोडा. मिस्त्रींची दृष्टी आता क्षीण झाली होती. बारीक खाचा ते नखाने चाचपून पाहत.

तो मंगळवार अगदी नेहमीसारखा उजाडला होता. तनुजा एका शाळेच्या कपाटाची किल्ली कानशीने घासत होती, मिस्त्री चहात पाव बुडवत होते, तोच फोन वाजला. पलीकडून जुन्या गाड्यांचा व्यापारी अक्षरशः ओरडत होता.

"मिस्त्री, मिळाली! लिलावात मिळाली! लाल, दोन सीटची, जमिनीला चिकटून पळणारी! कॉलेजात असताना मी तिचं चित्र वहीत ठेवायचो हो!"

"आणि किल्ली?" मिस्त्रींनी विचारले.

"तेवढी नाही. म्हणून तर तुम्हाला फोन."

तनुजा कानस खाली ठेवायला विसरली. मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिले आणि हसून म्हणाले, "अशी गाडी मी आयुष्यात दोनदा उघडली. ही तू सुरू करायचीस. केलीस, तर उद्यापासून किल्ल्यांचं टेबल तुझं. मी बाकावर बसून चहा पिईन आणि तुझ्या चुका काढीन."

"ते तर आत्ताही करता," तनुजा म्हणाली.  दोन वर्षे ती त्या टेबलाकडे उभ्याने पाहत आली होती.

शनिवारी गाडी आली. वादळात एक भिंत तिच्या मागच्या भागावर कोसळली होती. विमा कंपनीने ती मोडीत काढली, व्यापाऱ्याने घेतली आणि मागचा पत्रा सरळ करून घेतला. इंजिनाला ओरखडाही नव्हता. कागदावर एका ओळीत लिहिले होते: 'किल्ल्या हरवल्या आहेत.'

आता अशा गाडीत किल्लीच्या नुसत्या धातूच्या दांड्याला अर्थ नसतो. किल्लीच्या मुठीत तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप असते. गाडी तिला ओळखते, आणि ओळख पटली तरच इंजिन पेटू देते. या पहारेकऱ्याला इमोबिलायझर म्हणतात. त्याच्यापुढे कानस, हातोडी आणि शिव्या, तिन्ही व्यर्थ.

मिस्त्रींचा एक जुना नियम होता. गाडीला हत्यार लावण्याआधी तिच्या प्रत्येक सीटवर क्षणभर बसायचे. का, ते त्यांनी कधी सांगितले नव्हते.

त्यांनी तारेने दार उघडले, दोन्ही बाजूंनी आत बसून पाहिले आणि बाहेर आले. थोड्या वेळाने त्यांनी तनुजाला विचारले, "तू बसलीस?"

"बसले की!" तनुजा म्हणाली. ती फक्त उजवीकडे, स्टिअरिंगमागे बसली होती. डोळे मिटून तिने मनातल्या मनात तिसरा गिअरही टाकला होता.

"दोन्हीकडे?"

"दोनच तर सीट आहेत, मिस्त्री. बस असती तर दिवस गेला असता."

मिस्त्रींनी फक्त गाडीचे डावे दार लावून घेतले.

दुपारपर्यंत तनुजाने नवी बॅटरी बसवली, दांडा कापला, कोरी चिप मुठीत घातली आणि स्टिअरिंगखालच्या सॉकेटला यंत्राची केबल जोडली. व्यापारी पेढ्यांचा पुडा घेऊन हजर होता. शेजारच्या गॅरेजमधले चौघे हात पुसत गोळा झाले. "तनुजाताई, आवाज ऐकल्याशिवाय आम्ही जेवत नाही हं!" त्यांच्यातला एक म्हणाला.

यंत्राच्या पडद्यावर अक्षरे उमटली. नोंदवलेल्या किल्ल्या: दोन. समोर हजर: एकही नाही. जुन्या सर्व किल्ल्या पुसून नवी नोंदवायची? होय की नाही?

 एक बटण. त्यानंतर गाडी जुने सारे विसरणार आणि तिने केलेली किल्ली ओळखणार. तिने अंगठा उचलला.

त्याच क्षणी मिस्त्रींनी वाकून केबल उपसून काढली.

पडदा काळा झाला.  मग व्यापारी भडकला. "मिस्त्री, हे काय केलंत? दिसत नसेल तर लांब बसा ना!"

तनुजाच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. टेबल द्यायचे नव्हते तर आधी बोलायचे कशाला, असा विचार तिच्या मनात येऊन गेला.

मिस्त्री मात्र शांतपणे म्हणाले, "शेठ, आधीच्या मालकाचा पत्ता कागदावर असेल. तनुजा, रिक्षा बोलाव. आणि निघण्याआधी एकदा डावीकडे बसून ये."

ती चरफडतच गेली. आणि बसताच तिला कळले. उजव्या सीटवर धुळीचा जाड थर होता. तिच्या आणि मिस्त्रींच्या कपड्यांचे तेवढे ठसे त्यात उमटले होते. डावी सीट मात्र स्वच्छ होती. तिचे कातडे मधोमध झिजून मऊ झाले होते, दाराच्या मुठीवर हाताची चकाकी होती. या गाडीत कोणीतरी पुष्कळ दिवस येऊन बसत होते. चालवायला नव्हे. शेजारी.

आणि बंद गाडीत रोज येऊन बसायचे, तर हाताशी किल्ली हवी.

पत्ता शहराच्या दुसऱ्या टोकाचा निघाला. दार उघडणारे गृहस्थ टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले होते, रणदिवे नावाचे. गाडीचे नाव निघताच त्यांचा चेहरा बंद झाला. "मी कंपनीला लिहून दिलंय. किल्ल्या हरवल्या."

"किल्ली मागायला आलो नाही," मिस्त्री म्हणाले. "आज गाडी सुरू करायचा विचार आहे. तुम्ही येऊन बसाल का? डाव्या बाजूला?"

रणदिव्यांनी दाराची चौकट धरली. मग आत गेले, आणि शर्ट बदलून आले.

वाटेत रिक्षात त्यांनी थोडक्यात सांगितले. मुलगा मित्रांबरोबर कोकणात गेला होता. होडी उलटली. त्याचा देह सापडला, पण खिशातली किल्ली समुद्रातच राहिली. किनाऱ्यावर उभी असलेली गाडी घरी आणायला घरातली दुसरी किल्ली न्यावी लागली. "आणताना भाचा चालवत होता. मला गाडी येत नाही. मुलाबरोबरही मी नेहमी डावीकडेच बसायचो. तो वेगात न्यायचा, मी ओरडायचो."

मिस्त्रींच्या दुकानाशी रिक्षा थांबली. रणदिव्यांनी खिशातून किल्ली काढली. मिस्त्रींकडे दिली नाही, व्यापाऱ्याकडेही नाही. ती त्यांनी तनुजाच्या तळहातावर ठेवली. "चालवता येते ना?"

"येते, काका."

"मग मी ओरडलो तर रागवायचं नाही."

तिने किल्ली फिरवली. पहारेकऱ्याने ओळखले. आधी एक खोकला, मग एक हुंकार, आणि मग अशी गर्जना उठली की पत्र्याचे छप्पर थरथरले, टेबलावरचे स्क्रू नाचू लागले, शेजारच्या चौघांनी शिट्ट्या मारल्या आणि व्यापारी पेढा हातात धरून लहान मुलासारखा उड्या मारू लागला. तनुजाने गाडी रस्त्यावर काढली. औद्योगिक वसाहतीच्या मोकळ्या रस्त्यावर पहिला, दुसरा, तिसरा गिअर पडला. वारा कानांत शिरला. तिला हसू आवरेना. शेजारून आवाज आला, "अगं हळू! हळू जरा! वळण आहे पुढे!" तिने वळून पाहिले. रणदिवे दोन्ही हातांनी दाराची मूठ धरून ओरडत होते, आणि त्यांचे डोळे वाहत होते, आणि तेही हसत होते.

परतल्यावर मिस्त्री बाकावर चहा घेत होते. तनुजा त्यांच्यापुढे उभी राहिली. "मिस्त्री, मी बटण दाबलं असतं तरी गाडी सुरू झालीच असती."

"झाली असती," मिस्त्री म्हणाले. "यंत्राचं काही चुकलं नव्हतं. समोर कोणीच हजर नसेल, तर विसरूनच पुढे जावं लागतं, हे खरं. पण हजर नाही आणि बोलावलं नाही, या दोन्हींत फरक आहे. जुनी किल्ली समोर असली की नवी नोंदवायला जुनं काही पुसावं लागत नाही. ज्याच्यापाशी आठवण आहे, त्याला आधी विचारायचं. तो म्हणाला पूस, तर पुसायचं. आपल्या घाईपायी नाही."

मग त्यांनी यंत्र उचलून तिच्या हाती दिले आणि स्वतः बाकावर सरकून बसले. टेबलामागची खुर्ची रिकामी होती. तनुजा जाऊन तीत बसली. यंत्राची केबल पोचावी म्हणून गाडी तिने खिडकीशी घेतली होती. केबल जोडून तिने नवी किल्ली नोंदवली, आणि रणदिव्यांनी आपली किल्ली व्यापाऱ्याच्या हातात दिली.

पडद्यावर शेवटचा प्रश्न आला. नोंदवलेल्या किल्ल्या: तीन. समोर हजर: दोन. गैरहजर किल्ली पुसायची?

तनुजाने यंत्र बाजूला ठेवले. "काका, ही समुद्रातली. काय करू?"

रणदिव्यांनी व्यापाऱ्याकडे पाहिले. "आता गाडी यांची आहे. यांनी सांगावं."

व्यापाऱ्याने हातातली किल्ली उलटसुलट करून पाहिली. "समुद्रातून कोण येणार आहे माझी गाडी न्यायला," तो पुटपुटला. "असू द्या."

तनुजाने केबल काढली. पेढे वाटून झाले, गाडी गेली, रणदिवेही गेले.

ती तिसरी किल्ली पुसायची राहिली आहे.